शब्दचर्चा : ओत्सुमामीला 'चखणा' म्हणायचं का?

विचारणा (रावपुरा, वडोदरा) : परवा अलकापुरीत एका जपानी ढंगाच्या हॉटेलात गेलो. पाटीवर 'इझाकाया'. पोटभर ताट येतच नाही. बशीएवढ्या डिशेस एकामागून एक येतात, सगळ्यांनी मिळून खायच्या. आईला फोनवर 'नाश्ता' म्हटलं, तर म्हणे रात्री नऊला कसला नाश्ता? मराठीत काय म्हणाल?

दांडिया बाजार : सरळ चखणा म्हणा. 'साकाया' म्हणजे साके (जपानी दारू) विकणारं दुकान, अलीकडचा 'इ' म्हणजे बसणं. लोक दुकानातच बसून प्यायला लागले, मागोमाग खाणं आलं. त्या खाण्याला ओत्सुमामी म्हणतात. त्सुमामु म्हणजे चिमटीत उचलणं. आपला शब्द चाखण्यावरून, त्यांचा उचलण्यावरून. फक्त 'चकणा' लिहू नका बुवा, तो तिरळा असतो.

रावपुरा : पण इथे १९६० मध्ये गुजरात झाल्यापासून दारूबंदी! आम्ही लिंबूसोडा प्यायलो.

कारेलीबाग : म्हणूनच मला चखणा पटत नाही. चखण्याला पेला लागतो आणि तोंडीलावण्याला भात-भाकरी. तुमच्या टेबलावर दोन्ही नव्हतं. एदामामे घ्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. शेंग ओठांत धरायची, दाणे दाबून तोंडात सोडायचे, सालं वेगळ्या वाटीत. बिअरशेजारी ठेवल्या तर चखणा, लिंबूसोड्याशेजारी नुसत्या शेंगा. 'चटकमटक' सुचेल कुणाला, पण अगेदाशी टोफू काही चटकदार नाही. तळलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणि वर गरम दाशी, म्हणजे पातळ सार. (दाशीत बहुतेकदा सुकवलेला मासा असतो. शाकाहारी असाल तर नुसत्या कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची आहे का ते आधी विचारा.)

माझं मत, इथे नाम शोधूच नये. सेव उसळ आपण 'दोन प्लेट' मागवतोच की. आईंना सांगा, "चार-पाच प्लेट मागवल्या, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं." काम झालं.

दांडिया बाजार : त्या म्हणतील, सगळ्यांचं उष्टं?

कारेलीबाग : नाही हो, प्रत्येकापुढे तोरीझारा असते. वाढून घ्यायची रिकामी बशी.

रावपुरा : आणि जपानात न मागता येते ती वाटी? तिचे पैसे लावतात म्हणे.

दांडिया बाजार : ती ओतोशी. ओसाकाकडे त्सुकिदाशी म्हणतात. बसल्याबसल्या पुढ्यात येते, आणि हो, बहुतेक ठिकाणी बिलात माणशी धरलेली असते.