मदत हवी आहे: टबातली लव्हाळी कुजतेय, लवकर सांगा

ओलसर:
मंडळी, रोज दोन-चार काड्या जाताहेत म्हणून घाईत धागा काढतोय. टबात लव्हाळीचं बेट लावलंय. दोन महिने झकास होतं. आता आठवडाभरात अर्धं पिवळं पडलं, बुडाशी तपकिरी झालं आणि हात लावला की काडी सुटून हातात येते. ऊन आहे, पाणी भरपूर आहे, खतही घातलंय. पाणथळीतलंच झाड, म्हणजे पाणी जास्त झालं हे कारण असूच शकत नाही. मग झालं काय?

खुरपं:
लव्हाळा मरत नाही म्हणून आम्ही रडतोय आणि तुम्ही तो जगवायला निघालात! कुळवला की एकाचे दहा होतात, कारण गाठी जमिनीत तुटून राहतात. प्लास्टिक अंथरलं तर ते भोसकून वर येतो. गाठी वेचून काढा, दर पंधरा दिवसांनी. दुसरा उपाय नाही.

काठावरची:
खुरपंदादा, त्यांना मारायचा नाहीये, जगवायचाय. आणि तुम्ही म्हणताय तो नागरमोथा. लव्हाळा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळंच गवत येतं.
ओलसर, एक काडी चिमटीत धरून फिरवा. तीन कडा बोटाला लागल्या तर मोथ्याच्या कुळातलं. गोल, गुळगुळीत फिरली तर बहुधा जंकस, म्हणजे मोथ्याहून वेगळ्या कुळातली गोल काडीची लव्हाळी. पानं आहेत का? फुलांचा झुपका टोकाला येतो की काडीच्या बाजूने? आणि पाणी नेमकं किती, माती कसली, खत कोणतं?

ओलसर:
गोल आहे. पानं नाहीतच, बुडाशी नुसती तपकिरी म्यानं. झुपका टोकाच्या थोडा खाली, बाजूने फुटल्यासारखा. काडी उभी चिरली, आत पांढरा स्पंजासारखा गर आहे.
पाणी भरपूर आहे, वर लिहिलंय की.

हिरवाकंच:
लोहाची कमतरता. पाणी जड असेल तर लोह मुळांना मिळत नाही, सगळं पिवळं पडतं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज शोषता येणारं, टाका, दहा दिवसांत फरक. माझ्या कमळाला हेच केलं होतं.

काठावरची:
लोह कमी पडलं तर आधी नवे कोंब फिके होतात. बुडातून कुजून काडी सुटत नाही. आणि हिरवाकंचदादा, प्रत्येक धाग्यात तुमचं लोहच कसं निघतं?

हिरवाकंच:
कारण प्रत्येक धाग्यात पाणी जडच असतं, ताई.

निवांत_बेडूक:
टबात साचलेलं पाणी म्हणजे डास आलेच. गप्पी सोडा आधी.

चिखल्या:
गप्पी नकोत. टब भरून वाहिला आणि मासे ओढ्यात गेले की तिथले छोटे स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्लं संपवतात. डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध मिळतं, ते टाका.

निवांत_बेडूक:
माझे गप्पी सहा वर्षं टबातच आहेत, कुठेही गेले नाहीत.

ओलसर:
अहो, डासांचं कोणी विचारलंय का??

चिखल्या:
बरं, मूळ मुद्दा. 'भरपूर' म्हणजे किती? बोटभर की वीतभर? बोट मातीला टेकवा आणि पाणी कुठवर येतं ते सांगा. काड्या कापल्या होत्या का? सुटलेल्या काडीच्या बुडाचा वास घ्या.

ओलसर:
मातीच्या वर वीतभर. टब काठोकाठ भरतो, छान दिसतो.
वास सडक्या अंड्यासारखा.
कापल्या होत्या, पण एकाच बाजूच्या. शेंडे वाळके दिसत होते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मातीलगत साफ केल्या. आता नीट बघितलं, त्याच बाजूचं कुजतंय. शेजारच्या काड्या नंतर पिवळ्या पडल्या. याचा काही संबंध आहे का?

चिखल्या:
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! तुम्ही त्याला बुडवून मारताय.
चिखलात हवा जवळजवळ नसते. मुळांना लागणारी हवा काडीतून खाली येते, तो पांढरा गर म्हणजे तिचा रस्ता. काडी पाण्याच्या वर असेपर्यंत झाड वीतभर पाण्यातही तग धरतं. मातीलगत कापून वर पाणी चढवलं की रस्ता बंद. पाणकणीस माजलं तर लोक मुद्दाम असंच करतात, पाण्याखाली कापतात म्हणजे गड्डा गुदमरतो.
आता खत कोणतं ते सांगा.

ओलसर:
शेणखत. दोन ओंजळी, मातीत मिसळून.

चिखल्या:
मग झालंच. शेणखत पाण्याखाली सडताना असेल तेवढाही ऑक्सिजन ओढून घेतं. अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, त्याने मुळं काळी पडतात.
आजच गड्डा बाहेर काढा. धुवून काळी, लिबलिबीत मुळं कापून टाका. पांढरी, टणक मुळं आणि चार-पाच हिरव्या काड्या असलेला तुकडा वेगळा करा. साध्या चिकणमातीत लावा, खत अजिबात नको. पाणी मातीच्या पातळीला ठेवा. नवे कोंब वीतभर झाले की दोन-तीन बोटं चढवा, त्याहून जास्त गरज नाही.

जुनाजाणता:
असहमत. मी दरवर्षी आख्खं बेट मातीलगत कापतो आणि वसंतात ते दुप्पट होतं.

काठावरची:
काका, तुमचं बेट पाण्यात उभं आहे की नुसत्या ओल्या मातीत?

जुनाजाणता:
ओल्या मातीत.

काठावरची:
मग तुम्ही दोघंही बरोबर. कापलेल्या बुंध्यावर पाणी नसेल तर हवा मिळत राहते. ओलसर, वाळक्या काड्या तर दर हंगामात येणारच, हिरव्यांमधून एक-एक वेचून काढा. आणि गेलंच तर बियांपासून करता येतं. धुळीसारखं बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. बरं, हे रोप आणलं कुठून?

ओलसर:
तळ्याकाठून, परवानगी घेऊन, मुठीएवढं.

चिखल्या:
ठीक. मग पुन्हा आणायला जाऊ नका, आहे तेच वाढवा.

जुनाजाणता:
अवांतर: याच गराच्या वाती करून युरोपात दिवे लावत. चरबीत बुडवायच्या. जपानी तातामी चटईही जंकसचीच. कोणी घरी वात करून पाहिली आहे का?

निवांत_बेडूक:
काका, तुपात चालेल का?

ओलसर:
गड्डा काढला. वासाने घरच्यांनी मला टबासकट बाहेर काढलं. कापलेली बाजू पूर्ण काळी, दाबली की साल हातात आणि आत सुतासारखा धागा. दुसऱ्या टोकाला मुठीएवढी मुळं पांढरी निघाली. ती लावली. काड्या नऊ. पाणी मातीबरोबर, टब अर्धा रिकामा दिसतोय आणि मला तो बघवत नाहीये.
काळा भाग कंपोस्टात टाकला तर चालेल ना?

काठावरची:
चालेल. झुपके तेवढे काढून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्यांत उगवेल.

खुरपं:
बघा, मी पहिल्यापासून काय सांगत होतो.