मदत हवी आहे: अण्णांच्या डेस्कटॉपचा सी ड्राइव्ह भरलाय, पण फॉरमॅट मारायचा नाही

गावभागातली:
नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. माझे वडील, अण्णा, वय ७१, घरीच डीटीपी करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, उत्तरकार्याची पत्रं. कॉम्प्युटर २०१२ चा: आय-थ्री सेकंड जनरेशन, एच-६१ बोर्ड, २ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७, तेही ३२ बिट. काम पेजमेकर ७ आणि कोरलमध्ये, टायपिंग श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये.

सी ड्राइव्ह ६० जीबीचा आहे, त्यात ९०० एमबी उरलेत. पट्टी कायम लाल. सकाळी बटण दाबून अण्णा पूजेला बसतात, पूजा आटोपली तरी स्क्रीन पुरती आलेली नसते. पत्रिका सेव्ह करताना हँग होतो. दर वेळी तारीख मागे जाते आणि मग इंटरनेटवर एकही पान उघडत नाही. गेल्या आठवड्यापासून आतून मधूनच कट-कट आवाज येतो.

दुरुस्तीवाल्यांनी बघून सांगितलं, "फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवा घ्या." अण्णा दोन्हीला तयार नाहीत आणि मला त्यांचं पटतं. १३ वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. लोक येऊन म्हणतात, थोरलीची तुम्हीच केली होती, धाकटीची अगदी तशीच करा. अण्णा फाइल उघडतात, नावं-मुहूर्त बदलतात, पण गणपती तोच, चौकट तीच. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांनी घरातलं सगळं सोडून आधी हा सीपीयू वरच्या मजल्यावर नेला होता.

जागा कशी करू? काय पुसलं तर चालेल? मी शाळेत शिकवते, जेमतेम कामापुरतं कळतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगा.

कोयनाकाठ (कराड):
ताई, आधी एक विनंती. आज काहीही पुसू नका. जागा कमी पडणं हा छोटा आजार आहे, कट-कट हा मोठा. हार्डडिस्क जाते तेव्हा असाच आवाज देते. डीफ्रॅग आणि चेकडिस्क (डिस्क आवरायचे-तपासायचे विंडोजचे प्रोग्रॅम) तर अजिबात चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ते धावायला लावल्यासारखं होतं.

बाहेरची हार्डडिस्क आणा आणि पत्रिकांची फोल्डरं आधी तिच्यावर घ्या, गाणी-फोटो नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, ते डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात करंट पेंडिंग सेक्टरच्या (वाचताना अडलेल्या जागांच्या) ओळीत, रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्याखेरीज काहीही दिसलं तर डिस्क बदलायचीच.

तारखेचं सोपं आहे. बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. तो संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं, म्हणून पानं उघडत नाहीत. पण सेल घातल्यावरसुद्धा त्या मशीनवर इंटरनेट नकोच. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबलेत. गिऱ्हाइकाचे फोटो फोनवर घ्या आणि केबलने टाका.

खिळेजोड (विटा):
मीही याच धंद्यातला, म्हणून डीटीपीवाल्याच्या नजरेने सांगतो. नुसत्या पत्रिका कॉपी करून भागत नाही. फॉन्टही घ्या, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले सगळे. श्रीलिपीतला मजकूर युनिकोड नाही. फॉन्ट गेला की "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. श्रीलिपीचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची चावी) असेल तर ते जिवापाड जपा.

दुसरं म्हणजे पेजमेकर मोठं चित्र फाइलमध्ये ठेवत नाही, ते कुठे आहे तो पत्ता तेवढा ठेवतो. चित्रांचं फोल्डर हलवलं की छापताना गणपती फुटतो. महत्त्वाच्या पत्रिका सेव्ह ॲजमध्ये जाऊन "ऑल लिंक्ड फाइल्स" हा पर्याय निवडून, प्रत्येक पत्रिकेला वेगळं फोल्डर करून ठेवा.

आणि विचारा, अण्णा फाइल्स डेस्कटॉपवर ठेवतात का? डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. आमचा सी असाच भरला होता. कोरलही प्रत्येक फाइलची "बॅकअप ऑफ" नावाची जुळी प्रत करून ठेवतं. मूळ फाइल नीट उघडते याची खात्री झाली की ती पुसता येते.

गावभागातली:
अण्णांना विचारलं. सगळं डेस्कटॉपवरच आहे, २३ जीबी! आणि पेंडिंग सेक्टर शून्य नाहीत.

कोयनाकाठ (कराड):
मग एसएसडीच (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, पण ५०० जीबीची किंवा मोठी. ४८० ची स्वस्त मिळते, पण जुन्या डिस्कपेक्षा लहान असल्याने तिच्यावर हुबेहूब प्रत बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत काढा. ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन तिथे प्रयत्न करतं. पत्ते, ड्राइव्हची अक्षरं जशीच्या तशी राहतात, त्यामुळे गणपतीही फुटत नाही. चेकडिस्क आता नव्या डिस्कवर चालवा. एच-६१ बोर्डाला डिस्क जोडायचे सगळे साटा पोर्ट जुन्या वेगाचे आहेत, म्हणून खोक्यावर लिहिलेल्या वेगाच्या निम्माच मिळेल. एसएसडी खराब आहे असं समजू नका.

जागेचं आता बघा. हायबरनेट बंद केलं की दीड जीबी सुटतो. डिस्क क्लीनअपमध्ये "क्लीनअप सिस्टम फाइल्स" दाबून जुने अपडेट काढा. विंडोजचं स्वतःचं विनएसएक्सएस फोल्डर मोठं दिसेल, पण त्याला हाताने शिवू नका. रॅम ४ जीबी करा, त्याहून जास्त टाकलीत तरी ३२ बिट विंडोजला ती वापरता येत नाही.

गावभागातली:
दहा दिवसांनी लिहितेय. प्रत काढायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागला, अण्णा मधूनमधून उठून बघत होते. ताज्या पत्रिका डेस्कटॉपवरून डी ड्राइव्हवर फोल्डरं करून नेल्या, सी मध्ये आता २९ जीबी मोकळे आहेत. मशीन मिनिटभराच्या आत सुरू होतं. काल पहिली पत्रिका झाली, माधवनगरच्या धाकट्या मुलीची, २०१६ ला थोरलीची केली होती तीच चौकट. आवाज करणारी जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आहे.

२०१४ च्या फोल्डरमधल्या चार पेजमेकर फाइल्स मात्र उघडत नाहीत, फाइल खराब आहे म्हणतो. त्यातली एक माझ्या लग्नाची आहे. कागदावरची पत्रिका आहे आमच्याकडे, पण अण्णांना फाइलच हवीय. अशा फाइलमधून निदान मजकूर तरी काढता येतो का?