रात्रीचे १०.४० आणि गिटारचा तोच तो तुकडा

नीलिमा, ए-७०३: नमस्कार. रात्रीचे १०.४० झालेत. आज सलग चौथा दिवस. गिटारचा तोच तो तुकडा. मोजलं मी, ३१ वेळा झाला. मला पहाटे पाचला उठून डबे करून सहाची लोकल पकडायची असते. कोणाकडे वाजतंय ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही.

नीलिमा, ए-७०३: आणि वाजवतो ते वाजवतो, दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो. वर चढतो, चढतो आणि गप्प. पूर्ण तरी कर बाबा!

सुर्वे, बी-५०३: नाव न घेता आमचंच घेतलंत मॅडम, सोसायटीत गिटार एकाकडेच आहे. ओंकार १० ला झोपतो. अकरावी आहे त्याची. घरात तो हेडफोन लावूनच वाजवतो. एवढे महागाचे हेडफोन शोभेला नाही घेतले.

नीलिमा, ए-७०३: मग आवाज वरून कसा येतो? माझ्या डोक्यावर फक्त गच्ची आणि आकाश आहे.

साने काका, बी-६०१: पाटीलसाहेब, गच्चीची किल्ली रविवारपासून वॉचमनच्या खिळ्यावर नाही. उद्या सकाळी ८ ला टाकी धुणारे येणार आहेत. कृपया लक्ष घालावे 🙏

पाटील, सेक्रेटरी: सर्व सभासदांस कळविण्यात येते की ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सहकार्य अपेक्षित. समितीच्या वतीने.

महाडिक, ए-५०४: सर्व सभासदांत कराओकेवाले पण येतात ना? गेल्या गणपतीत ११.२० पर्यंत माइक कोणाच्या हातात होता, आठवतंय सगळ्यांना.

पाटील, सेक्रेटरी: त्या दिवशी १२ पर्यंत सवलत होती. तो विषय वेगळा आहे.

मंदार, सी-४०२: वेळेचं नीलिमाताईंचं बरोबर आहे, १० म्हणजे १०. पण वाजतंय काय ते कोणी ओळखलं का? मी आत्ता बाल्कनीत उभा राहून ऐकलं. ‘कम्फर्टेबली नम’! त्यातला दुसरा सोलो, गिटार एकटीच पुढे येऊन वाजते तो तुकडा! गिटारवर डेव्हिड गिलमोर, पिंक फ्लॉइड, १९७९. या वयाची पोरं रील्स वाजवतात, हा थेट तिथे जाऊन भिडलाय. सुर्वेसाहेब, पाठ थोपटा त्याची.

सुर्वे, बी-५०३: आभारी आहे. पण तो आमचा नाही.

साने काका, बी-६०१: पिंक फ्लॉइड म्हणजे ते वॉटरप्रूफिंगवाले का? ए विंगचं काम अर्धवट टाकून गेलेले?

मंदार, सी-४०२: काका, बँड आहे. लंडनचा. १९६५ पासूनचा.

साने काका, बी-६०१: अस्सं. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

डॉ. अदिती, सी-७०४: मंदार, ‘कम्फर्टेबली नम’ सगळेच म्हणतात रे. लग्नात पनीर असतं तसं, आवडीपेक्षा सवयीचं. खरा सोलो ऐकायचा तर स्टीव्ह हॅकेट, जेनेसिस बँड, ‘फर्थ ऑफ फिफ्थ’, १९७३. बाकी बसा खाली.

मंदार, सी-४०२: आली. मी वाटच बघत होतो.

महाडिक, ए-५०४: गिलमोरला मी प्रत्यक्ष ऐकलंय. मुंबईत बीकेसीला, २००७. ठाण्याहून आम्ही सहा जण गेलो होतो, येताना गाडी नव्हती, सायन स्टेशनवर बसून काढली रात्र. हाच सोलो वाजवला त्याने. अंगावर काटा.

मंदार, सी-४०२: महाडिक, काटा खरा असेल, माणूस चुकलाय. बीकेसीला २००७ मध्ये रॉजर वॉटर्स आला होता. तो बँडचा बास वाजवणारा, १९८५ ला भांडून बाहेर पडलेला. गिटारवर त्याने ठेवलेली माणसं होती. गिलमोर नव्हताच.

महाडिक, ए-५०४: मी तिथे होतो. तुम्ही होतात का?

मंदार, सी-४०२: मी नव्हतो. गिलमोर पण नव्हता.

साने काका, बी-६०१: वॉटरचा विषय निघालाच आहे तर, टाकी उद्या ८ वाजता. किल्ली?

महाडिक, ए-५०४: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

नीलिमा, ए-७०३: इथे मी झोपेबद्दल बोलत होते. पुन्हा सुरू झालंय. ३४.

मंदार, सी-४०२: ताई, दोनच मिनिटं. तो तोच तुकडा का घोटतो ते सांगतो म्हणजे राग कमी होईल. गिलमोरने स्वतःसुद्धा हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा पूर्ण वाजवून रेकॉर्ड केलं, मग कागद घेऊन ऐकत बसला, कुठल्या वेळचा कुठला तुकडा बरा त्यावर खुणा केल्या आणि ते तुकडे जोडून एक केला. ज्याचा त्याला एका बैठकीत जमला नाही, तो हा पोरगा सलग वाजवायला बघतोय. अडखळणारच. आणि पहिला सोलो विसरू नका. तो छोटा, गोड, पाऊस थांबल्यावर येऊरच्या डोंगरावर ऊन पडतं तसा. दुसरा एकदम काळा. एकाच गाण्यात एकाच माणसाचे दोन स्वभाव. म्हणून माझा नंबर एक हाच, पनीर म्हणा नाहीतर काही म्हणा. त्यातही १९९४ चा लंडनच्या अर्ल्स कोर्टमधला, ‘पल्स’ अल्बमवर आहे तो. माझ्याकडे ती सीडी आहे, कव्हरच्या कडेला लाल दिवा लुकलुकायचा. मामेभावाने तिकडून आणलेली. आई रात्री उठून घाबरायची, कपाटात काय पेटलंय म्हणून.

नीलिमा, ए-७०३: राग कमी झालेला नाही. शिवाय तुम्ही आवाजाबद्दल बोलू नका. तुमच्या किचनच्या टाइल्स सात महिने कापत होते. दुपारी २ ते ४ सुद्धा.

मंदार, सी-४०२: सात नाही, साडेचार. आणि त्याबद्दल मी घरोघरी पेढे दिले होते.

नीलिमा, ए-७०३: ए विंगला नाही आले.

डॉ. अदिती, सी-७०४: सी विंगलाही चौथ्या मजल्याच्या वर पोचले नाहीत 😀 असो. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ परत सांगते. गाण्यात आधी बासरीवर एक सुरावट येते, पीटर गॅब्रियलची. साधीशी. मग मध्ये इतकं काही घडतं की आपण ती विसरून जातो, आणि हॅकेट तीच सुरावट गिटारवर घेऊन येतो, लांबवत, एकेक सूर ताणत. ओळखीचं माणूस वीस वर्षांनी भेटावं आणि आधी आवाजावरून ओळखू यावं, तसं. गिलमोर दुखणं सांगतो, हॅकेट गोष्ट सांगतो.

मंदार, सी-४०२: हॅकेटने १९७७ ला बँड सोडला, तुम्ही अजून सोडायला तयार नाही.

शेट्टी, ए-७०१: फ्रेंड्स, गुड नाइट. चहाचा कप आणि नाती गरम असेपर्यंतच गोड 🌹

महाडिक, ए-५०४: माझ्या मते पिंक फ्लॉइडचंच ‘टाइम’. बीकेसीला पण वाजवलं होतं. कोणी का वाजवेना.

नीलिमा, ए-७०३: सुरुवातीला घड्याळांचे गजर एकदम वाजतात तेच ना? माझा भाऊ लावायचा. तेव्हाही दचकायचे.

मंदार, सी-४०२: तेच! १९७३. खऱ्या घड्याळांच्या दुकानात जाऊन त्यांच्या साउंड इंजिनिअरने, अ‍ॅलन पार्सन्सने, एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड केलं होतं. नीलिमाताई, तुम्ही तर आतल्या गोटातल्या निघालात.

नीलिमा, ए-७०३: मी गोटात नाही. मी अंथरुणात आहे.

परांजपे आजी, बी-२०१: मी बोलून टाईप करते आहे चूक भूल माफ करावी. मला तुमची इंग्रजी नावं कळत नाहीत पण गेले चार दिवस मीही ऐकते आहे डक्टमधून खालपर्यंत येतो आवाज. मुलगा थांबतो त्याचं कारण सांगते. तो सूर ओढतो आणि तो सूर मुक्कामी पोचत नाही. आपण सतारीवर मींड घेतो तसंच आहे हे. तार पडद्यावर दाबून बाजूला ओढायची की सूर वर चढतो. सतारीला तार लांब आणि पडदे उंच म्हणून एका पडद्यावर चार पाच सूर निघतात. गिटारला ओढ कमी पण जीव तोच. या मुलाची मींड पाव सूर खाली राहते. त्याच्या कानाला ते कळतं म्हणून तो थांबतो. म्हणजे कान चांगला आहे. एकट्या बोटाने ओढत असणार. मागच्या दोन बोटांचा आधार द्यायचा आणि जोर मनगटातून आला पाहिजे. सांगा त्याला पूर्णविराम

परांजपे आजी, बी-२०१: आणि सूर बहुतेक धानी रागाचे आहेत. सा कोमल गंधार मध्यम पंचम कोमल निषाद. मध्येच बाहेरचा एखादा लागतो पण घर तेच.

मंदार, सी-४०२: आजी 🙏🙏 बी मायनर पेंटाटोनिक म्हणजे तेच पाच सूर. मी वीस वर्षं ऐकतोय, धानी कधी सुचला नाही.

डॉ. अदिती, सी-७०४: आजी, पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ ऐका. सात मात्रांत आहे. सॅक्सोफोनही सातातच वाजतो, पण गिलमोर आला की गाणं चारात जातं.

परांजपे आजी, बी-२०१: सात म्हणजे रूपक ताल. मग पठ्ठ्याने अवघड जागा सोडून दिली म्हणायची.

मंदार, सी-४०२: सोडली नाही आजी, मोकळी करून घेतली! त्या सोलोत मध्ये एक जागा आहे, सगळा घुमारा काढून टाकतात, गिटार एकदम कोरडी, कानाशी येऊन बोलल्यासारखी. आणि मग पुन्हा सगळं भरून येतं. ती कोरडी जागा ऐका उद्या.

पाटील, सेक्रेटरी: विषयावर या. गणपतीच्या कार्यक्रमात ओंकार सुर्वे याने ५ मिनिटांची वेळ मागितली आहे. समितीत चर्चा झाली. मराठी गाणं असावं असा सूर होता.

सुर्वे, बी-५०३: त्याने वेळ मागितली? मला माहीत नाही.

महाडिक, ए-५०४: समितीचा सूर म्हणजे पाटीलसाहेबांचा सूर. तो पण पाव सूर खालीच असतो.

पाटील, सेक्रेटरी: वैयक्तिक टीका नको.

डॉ. अदिती, सी-७०४: ५ मिनिटांत कम्फर्टेबली नम बसत नाही, सहाच्या वर जातं. ‘डॉग्ज’ घेतलं तर १७ मिनिटं. आरतीचा प्रसाद थंड.

मंदार, सी-४०२: चार सुरांनी सुरू होणारं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ वाजवू दे. चारच सूर! त्यांच्या जुन्या साथीदारावर आहे, सिड बॅरेटवर. डोक्यावर परिणाम झाला म्हणून १९६८ ला बँडबाहेर पडलेला. १९७५ च्या जूनमध्ये हे गाणं असलेल्या अल्बमचं काम चालू असताना स्टुडिओत एक जाडजूड माणूस येऊन उभा राहिला, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. कोणी ओळखेना. बऱ्याच वेळाने कळलं, हाच तो सिड. त्याच्यावरचं गाणं चालू, आणि तो समोर.

नीलिमा, ए-७०३: अरे देवा.

साने काका, बी-६०१: माझा धाकटा भाऊ असाच घरी आला होता ८९ साली. असो. गच्चीची किल्ली रविवारपासून खिळ्यावर नाही. टाकी धुणारे ८ ला येतील आणि परत जातील. मागच्या वेळी असंच झालं, पाण्यात अळ्या निघाल्या.

महाडिक, ए-५०४: एवढी मोठी माणसं, त्यांचं गिटार केवढ्याचं असेल?

मंदार, सी-४०२: काळी स्ट्रॅटोकास्टर. २०१९ ला न्यूयॉर्कला लिलावात विकली गिलमोरने, ३९ लाख ७५ हजार डॉलर. तेव्हाचे २७ कोटींच्या वर. आणि सगळ्या लिलावाचे पैसे पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

पाटील, सेक्रेटरी: आपला सिंकिंग फंड बघता असा एखादा सभासद हवा होता.

महाडिक, ए-५०४: आधी हिशोब दाखवा, मग सभासद शोधू. आणि ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा सोलो पण त्याच काळ्या गिटारवर ना?

डॉ. अदिती, सी-७०४: नाही, तो सोनेरी लेस पॉल गिटारवर. हे मंदारच्या आधी मला सांगायचं होतं.

मंदार, सी-४०२: टाईप करतच होतो.

नीलिमा, ए-७०३: थांबा जरा. आत्ता थांबलं वाजायचं. आणि गच्चीचं दार आपटलं. मी स्वतः ऐकलं.

साने काका, बी-६०१: गच्चीचं दार किल्लीशिवाय उघडत नाही.

नीलिमा, ए-७०३: तेच म्हणते मी.

परांजपे आजी, बी-२०१: शेवटच्या खेपेला सूर पोचला होता बरं का. बरोब्बर पोचला स्वल्पविराम मी ऐकला

मंदार, सी-४०२: मीही!

सुर्वे, बी-५०३: ओंकार खोलीत नाही. अंथरुणात उशा लावून ठेवल्यात. बघतो.

शेट्टी, ए-७०१: 😂😂

सुर्वे, बी-५०३: आला. लिफ्टमधून उतरला, हातात तो बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प. किल्ली गिटारच्या बॅगेत होती. म्हणतो घरी हेडफोनमध्ये ओढलेला सूर खरा वाटत नाही, हवेत ऐकायचा होता. टाकीच्या आडोशाला बसायचा पावसात. नीलिमाताई, माफ करा, मी उगाच चढ्या आवाजात बोललो.

नीलिमा, ए-७०३: मारू बिरू नका त्याला. १० नंतर नको एवढंच. साडेआठला वाजव म्हणावं, तेव्हा मी भाजी चिरत असते. पण पूर्ण वाजव.

परांजपे आजी, बी-२०१: उद्या संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. गिटार घेऊन

साने काका, बी-६०१: किल्लीबद्दल मी चार वेळा लिहिलं होतं. एकाने उत्तर दिलं नाही.

पाटील, सेक्रेटरी: सुर्वे यांनी किल्ली आत्ताच वॉचमनच्या खिळ्यावर लावावी. उद्या सकाळी ८ ते दुपारी २ पाणी बंद. सर्वांनी बादल्या भरून ठेवाव्यात.

महाडिक, ए-५०४: ए विंगला सकाळी प्रेशर नसतं. आत्ताच भरा.