मदत हवी आहे: वाराणसीत आई-बाबांसाठी स्वस्त पण धड खोली ऑनलाइन कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आई-बाबांना काशीला न्यायचं ठरलंय. बाबा ७१ चे, गुडघे कुरकुरतात. आई ६६ ची, ती माझ्यापेक्षा भरभर चालते. नाशिकरोडहून महानगरी एक्सप्रेसने जाऊ, ती पहाटे वाराणसीला सोडते. २१ ते २५ नोव्हेंबर, चार रात्री, तिघांत एक खोली चालेल. रोजचे दोन हजारांपर्यंत द्यायची तयारी आहे.

आठ दिवस तीन ॲप चाळतेय आणि डोकं भंजाळलंय. एकच हॉटेल, एकच खोली: २१ आणि २२ ला १,६५० रुपये, २३ आणि २४ ला ५,९००! मला वाटलं, रोज रोज बघतेय म्हणून ॲपवाले भाव चढवतायत. भाच्याच्या फोनवरून बघितलं, तिथेही तेच. शिवाय १,६५० ची खोली पैसे भरायच्या पानावर १,८७१ होते. ४०० रुपयांचं कूपन आहे म्हणे, पण ते एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डालाच, आणि 'हॉटेलवर पैसे द्या' निवडलं की तेही गायब.

गेल्या वर्षी एका तीर्थक्षेत्री अशीच 'मंदिरापासून ३०० मीटर' खोली घेतली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा दोन दिवस खालीच उतरले नाहीत. वर आम्हाला 'दर्शन छान झालं' म्हणत होते. म्हणून यंदा विचारून घेतेय.

तर, हे दर असे का उड्या मारतात? घाटाजवळ घ्यावी की लांब? आणि पहाटे चारला पोचून खोली हातात येईपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, दोघांना कुठे बसवू?

कोरीपाटी
ताई, ॲपला शिव्या घालण्याआधी कालनिर्णय काढा. २४ ला कार्तिकी पौर्णिमा. त्या संध्याकाळी काशीत देवदिवाळी, सगळे घाट पणत्यांनी उजळतात आणि अख्खा देश बघायला लोटतो. त्यात तुळशीची लग्नं लागली की तिकडेही लग्नसराई. ॲप बदलून काही होणार नाही, तारीख बदला. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे तिकीट काढलं नसेल तर तुमचे हात मोकळे आहेत.

गोदाकाठ
अंतराबद्दल माझा अनुभव. ॲपवर दाखवतात ते अंतर कावळ्याचं, माणसाचं नाही. दशाश्वमेध, मणिकर्णिका घाटांच्या भागात स्वस्त खोल्या आहेत त्या गल्ल्यांमध्ये, जिथे समोरून गाय आली तर आपण भिंतीला चिकटायचं. गोदौलिया चौकाच्या पुढे गाडी जात नाही, गर्दीच्या दिवशी तर बऱ्याच अलीकडे अडवतात. तिथून बॅगा हातात. 'गंगादर्शन गच्ची' असं लिहिलं असेल तर ती गच्ची चौथ्या मजल्यावर असते आणि जिना उभा, हे धरून चाला.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर अस्सी घाटाची बाजू बघा. तिथे रस्ता घाटाच्या बराच जवळ येतो, ई-रिक्षा मिळतात, संध्याकाळी नावेने दशाश्वमेधची आरती पाण्यातूनच बघता येते. सारनाथकडे आणखी स्वस्त पडेल, पण शहरापासून दहाएक किलोमीटर. रोजच्या रिक्षेत वाचवलेले पैसे जातील, आणि पहाटेचं गंगास्नान करायचं तर तिकडून निघायचं कधी?

अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून द्या. 'नवीन आधी' लावून त्यात लिफ्ट, जिना, गरम पाणी, कमोड हे शब्द शोधा. फोटो हॉटेलवाल्याचे नाही, राहून गेलेल्यांचे बघा. आणि शोधताना माणसं तीन टाका. दोन टाकून स्वस्त दिसतं, मग काउंटरवर गादीचे वेगळे घेतात.

हिशेबी
फक्त त्या १,८७१ बद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. म्हणजे १,६५० वर ८२-८३ रुपये. उरलेले जवळपास १४० ॲपचं स्वतःचं शुल्क. हॉटेलला थेट फोन केलात तर ते वाचतं, शिवाय ॲपला द्यायचं कमिशन वाचतं म्हणून मालकही थोडं सोडतो. ॲपवरचा भाव सांगून 'याच्यात काय कराल?' एवढंच विचारायचं.

कोरीपाटी
थेट फोन करा, पण नंबर कुठून घेताय ते बघा! धर्मशाळा, भक्तनिवास, यात्री निवास यांच्या नावाच्या खोट्या वेबसाइट्स बोकाळल्यात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानेच तसा इशारा दिला होता. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवून 'पूर्ण रक्कम आत्ताच भरा' म्हणाले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवायचं.

पहाटेसाठी स्टेशनवरची रिटायरिंग रूम, म्हणजे रेल्वेची भाड्याची खोली. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून १२ किंवा २४ तासांसाठी मिळते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (निदान बसायची जागा नक्की) हवं. आंघोळी उरकून दुपारी हॉटेलात जा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! आता खरी गंमत ऐका. बाबांना म्हटलं, तुमची तारीख देवदिवाळीची निघाली. तर म्हणे, "मग! पौर्णिमेला स्नान म्हणून तर सांगितली होती." मी तेव्हा ते ऐकलंच नव्हतं. आई मात्र ठाम आहे: एवढ्या गर्दीत हे कुठे बसतील? शेवटी तिचंच चाललं. आता १ ते ५ डिसेंबर.

अस्सीजवळ एक खोली मिळाली, पहिला मजला, लिफ्ट आहे. ॲपवर तिघांचे सगळं धरून २,१४०. थेट फोनवर १,९००, पैसे तिथेच द्यायचे. मॅनेजरला विचारलं, "गाडी दारापर्यंत येते का?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "दीदी, पचास कदम चलना पड़ेगा." खरं बोलला म्हणून तिथेच घेऊन टाकली. ॲपवर दुसरी एक मोफत रद्द होणारी धरून ठेवलीय, निघायच्या चार दिवस आधी सोडेन.

आता एकच अडलंय. रिटायरिंग रूमला कन्फर्म तिकीट हवं, आणि वेटिंग लागलं तर? कुणी पहाटे चारला वाराणसी स्टेशनच्या प्रतीक्षालयात वयस्कर माणसांना घेऊन बसलंय का? बसायला जागा आणि बायकांचं स्वच्छतागृह कसं आहे तेवढं सांगा.