मदत हवी आहे: स्लॅबला लाकडी फ्रेम पक्की कशी करायची?

हॉलमध्ये पार्टिशन करतोय, ३ बाय २ इंची पाइनची फ्रेम, वर जिप्सम बोर्ड. विटांच्या भिंतीकडची बाजू प्लास्टिक प्लग आणि स्क्रूवर छान बसली, अडलंय वरच्या आरसीसी स्लॅबला. काँक्रीटचे खिळे ठोकले तर वाकले किंवा प्लास्टरच फुटलं, साध्या ड्रिलने बिट जळलं, मग हॅमर ड्रिल भाड्याने आणून ८ एमएमची भोकं पाडली तर दोन ठिकाणी दीड इंचावर सळई लागली. त्यात अर्धा इंच प्लास्टरच आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड जेमतेम एक इंच! सळई कापायची नाहीये आणि स्लॅबमध्ये लाइटचे पाइप आहेत म्हणून खोल जायचीही भीती वाटते. खाली टाइल्स आहेत, तिथे भोक नको. तर भोक किती सरकवून पाडू, आणि अँकर फास्टनर वापरू की काँक्रीट स्क्रू, किती लांबीचे?