मथळा बदलला की कॅशमधल्या साठवलेल्या प्रतीवर पर्ज मारायचा (ती पुसायची), की तिचा टीटीएलच (ती किती सेकंद चालते) कमी ठेवायचा?

कळफलक:
बातमीच्या साइटवर दुरुस्ती केल्यावरही जुना मथळा दिसत राहिला की लोक टीटीएल ६० सेकंदांवर आणतात. मला हे पटत नाही. एस-मॅक्सएज (मधल्या सामायिक कॅशचा टीटीएल) ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, ठेवा, ब्राउझरसाठी मॅक्स-एज ०, कारण वाचकाच्या मशीनवरची प्रत तुम्हाला पर्ज करताच येत नाही. मग टॅग: पान ज्या ज्या मजकुरावर उभं आहे ते हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) लिहायचं, लेख-४८१२, लेखक-७ वगैरे. लेख सेव्ह झाला की तो टॅग असलेल्या सगळ्या प्रती उडवा. लेखाचं पान, मुखपृष्ठ, आरएसएस फीड सगळं जातं. ड्रुपल ८ या साइट चालवणाऱ्या प्रणालीत २०१५ पासून हीच पद्धत आहे. पर्ज करायच्या पत्त्यांची यादी हाताने सांभाळलीत तर विभागाचं दुसरं पान हमखास राहतं.

रात्रपाळी:
आणि नवीन लेखाचं काय? त्याचा टॅग जुन्या कुठल्याच पानावर नसतो. लेखांच्या यादीला वेगळा टॅग लागतो, तो विसरला की मुखपृष्ठ दिवसभर शिळं. शिवाय मुखपृष्ठावर चाळीस लेख. कुणीतरी स्वल्पविराम हलवला की मुखपृष्ठ उडालं! त्यापेक्षा टीटीएल ३० आणि स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट (शिळी प्रत देत मागे नवीन आणायची मुदत) ३००. पर्जचा निरोप हरवला तरी पान आपोआप सुधारतं.

कळफलक:
गर्दीच्या पानावर ठीक. पण तासाला दोन वाचक येणाऱ्या पानाला तुमच्या ३० सेकंदांत हिट (कॅशमधून उत्तर) मिळणारच नाही, प्रत्येक वाचक थेट डेटाबेसवर. मुखपृष्ठासाठी सॉफ्ट पर्ज वापरा: प्रत पुसायची नाही, फक्त शिळी ठरवायची. नवीन तयार होईपर्यंत जुनी जाते, मूळ सर्व्हरवर झुंबड उडत नाही.

व्हार्निशवाला:
दोघांनीही क्रमाबद्दल चकार शब्द काढला नाही. आधी डेटाबेस कमिट (बदल पक्का), मग रेडिस (अ‍ॅपची आतली कॅश), मग व्हार्निश (सर्व्हरपुढची पानांची कॅश), शेवटी सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरांचं जाळं). उलट केलंत तर बाहेरचा थर आतलं शिळंच पुन्हा उचलतो. डेटाबेसची रेप्लिका (वाचनासाठीची दुसरी प्रत) मागे असेल तर पर्ज झाल्या झाल्या आलेली रिक्वेस्ट जुनाच मजकूर वाचते आणि तो ८६४०० सेकंदांसाठी पक्का होतो. म्हणून काही सेकंदांनी दुसरा पर्ज. व्हार्निशमध्ये बॅन (नियमात बसणाऱ्या सगळ्या प्रती बाद करणं) वापरत असाल तर रिक्वेस्टच्या पत्त्यावर लिहू नका. बॅन लर्करला (मागे राहून बाद प्रती साफ करणाऱ्याला) रिक्वेस्ट दिसत नाही, बॅनची यादी फुगत जाते. पत्ता ऑब्जेक्टच्या (साठवलेल्या प्रतीच्या) हेडरमध्ये ठेवा आणि बॅन त्यावर लिहा.

रात्रपाळी:
दुसरा पर्ज लागतो म्हणजे पहिल्यावर भरवसा नाही, हेच तर म्हणतोय. निदान ८६४०० चे ३६०० करा.

व्हार्निशवाला:
३६०० चालेल. पण आधी एज हेडर (प्रत कॅशमध्ये किती सेकंद आहे तो आकडा) बघा. पर्जनंतरही आकडा वाढतच असेल तर पर्ज पोचलाच नाही. आकडा लहान आणि मजकूर जुना असेल तर दोष आतल्या थराचा किंवा रेप्लिकाचा. तिथे टीटीएल कमी करून मूळ दुखणं जात नाही.