प्रतुआंगचे भडक रंग: ताकद की बोर्डावरची सवय?

रंगवेडा: थायलंडचा चित्रकार प्रतुआंग एमचरोएन (१९३५–२०२२) याच्याबद्दल बोलायचंय. गरिबीमुळे शाळा लवकर सुटली, सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. व्हॅन गॉखच्या आयुष्यावरचा हॉलिवूडपट पाहून स्वतःची चित्रं काढायच्या मागे लागला. कॉलेज नाही, गुरू नाही. सूर्य, प्रकाशाचे झोत, लाल-पिवळा-निळा सगळा पुऱ्या ताकदीने. माझं मत असं, की हे रंग बोर्डाच्या शिडीवरच घडले आणि त्याची थोरवी त्यातच आहे. पटतं का?

फिकटनिळा: नाही पटत. बोर्ड बसमधून दिसायला हवा म्हणून ओरडतो. चित्र बघणारा तीन फुटांवर उभा असतो, त्याच्या कानात कशाला ओरडायचं? त्याच देशातला फुआ हरिपितक बघा. शांतिनिकेतनात शिकला, महायुद्धात थायलंड जपानच्या बाजूने गेल्यावर आपल्याकडेच स्थानबद्ध झाला, पुढे रोमला गेला. नंतर कित्येक वर्षं देवळांतली जुनी भित्तिचित्रं वाचवण्यात घातली, १९८३ला मॅगसेसे मिळालं. शिकलेल्या डोळ्याला कुठे थांबायचं ते कळतं.

बोर्डवाल्याचा भाचा: "शिकलेला डोळा" वाचून हसू आलं. माझा मामा कापडावर चौकोन आखून बोर्ड करायचा. हिरोच्या गालाची सावली काळ्याने नाही, जांभळ्याने मारायचा. शेजारी पिवळा असला की गाल पुढे येतो. काळं मारलं तर लांबून भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणायचा. हे शिक्षण नाही तर काय? हुसेनही मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. आणि आमच्या कोल्हापूरच्या सिनेमावाल्या बाबूरावांना तर जग 'पेंटर' म्हणूनच ओळखतं, तेव्हा जरा जपून.

फिकटनिळा: हुसेन आले, म्हणजे आता हा वाद रात्रभर चालणार. मामांबद्दल आदर आहे हो. पण सवय वेगळी आणि निवड वेगळी. प्रतुआंगने फिका रंग ठरवून टाळला, की हाताला दुसरं काही येतच नव्हतं?

रंगवेडा: १४ ऑक्टोबर १९७३ला बँकॉकच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. त्यानंतर त्याने 'धर्म आणि अधर्म' रंगवलं. १९७६च्या एका चित्राचं तर नावच 'लाल गारवेल आणि सडकी बंदूक' असं आहे. आधी सूर्याला लावलेला लाल इथे रक्ताचा होतो. नुसत्या सवयीच्या हाताला हे जमेल?

चिंचोका: देवळात कुणी डोकावतच नाही! जुन्या थाई भित्तिचित्रांत गडद लाल रंगावर सोन्याचा वर्ख असतो. भिंतीला पांढरी माती लावायची ती चिंचोक्याच्या खळीत कालवून, आणि रंग कवठाच्या डिंकात. (खळ म्हटल्यावर मला आपलं घोंगडंच आठवतं.) तिथे वारांनाही रंग आहेत: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा. अशा ठिकाणी भडक कशाला म्हणायचं ते आपण का ठरवायचं? माझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याच्या लाल काठाला कुणी भडक म्हटलं नाही.

फिकटनिळा: खळीचा मुद्दा मान्य. पण मग श्रेय देवळाचं झालं, बोर्डाचं नाही. म्हणजे रंगवेडा यांचंही म्हणणं पडलं.

बोर्डवाल्याचा भाचा: पडलं कसं? बोर्ड रंगवणारा देवळात जात नाही की काय? माझा मामा तर दर पावसाळ्यानंतर गावच्या देवळाची कमान रंगवायचा, त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगांनी.